पट्ट्यांची राख

शामलेच्या पोटात कळ उठली की ती गुडघे छातीशी घेऊन चुलीजवळच्या पोत्यावर पडायची आणि दातांनी पोत्याची कड धरायची. रडायची नाही. रडायला जोर लागतो, तेवढा तिच्यात उरला नव्हता. पाच वर्षांची पोर, पण मांड्या अशा झाल्या होत्या की तिची आजी बायजाबाई एका मुठीत धरी आणि सोडून देई.

"काय खाल्लं वं पोट्टीनं?" बायजाबाईनं एरंडीचं तेल तिच्या पोटावर चोळत सुनेला विचारलं.

"आपण खाल्लं तेच. भाकर अन् अंबाडीची भाजी," इंदू म्हणाली. ती चुलीत पट्ट्या सरकवत होती. हातभर लांब, पातळ, काळ्या पडलेल्या लाकडी पट्ट्या. काडी लावली की लगेच पेट घ्यायच्या. धूर मात्र घशाला लागायचा, आणि जिभेवर काही तरी गोडसर यायचं.

"जंत असतीन."

"जंताचं औषध दोनदा झालं, माय. सावनेरच्या दवाखान्यातूनच आणलं होतं."

दाराशी पावलं वाजली. देवाजी भट्टीवरून आला होता. खांद्यावर पट्ट्यांनी भरलेलं पोतं. त्यानं ते भिंतीशी टेकवलं, आणि पोरीकडे वाकला. शामलेनं बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. तो तसाच बसून राहिला, राखेनं माखलेल्या हातानं तिची पाठ थोपटत.

"आजही?" त्यानं विचारलं.

इंदूनं मान हलवली. भाकर त्याच्या ताटात वाढली. त्यानं तुकडा मोडून हात उचलला, तर मनगट लटकं पडलं आणि तुकडा खाली गळला. त्यानं तो डाव्या हातानं उचलला. इंदूनं पाहिलं. गेल्या काही दिवसांपासून त्याचा हात असाच सुटत होता.

बोरडोंगरी सावनेरच्या रस्त्याला लागून. गाव वरच्या अंगाला, कापसाच्या काळ्या रानांना चिकटून. बुद्धविहार आणि त्यांची वस्ती खाली नाल्याकडे. दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात वस्तीनं आपली विहीर आपल्या हातांनी खोदली होती. बायजाबाईनं तेव्हा पोटुशी असताना मातीच्या टोपल्या वर ओढल्या होत्या. वरच्या विहिरीचं पाणी नको होतं त्यांना, आणि कोणी देतही नव्हतं.

सरपण मात्र वरूनच यायचं. कापूस वेचून झाला की रानात पऱ्हाट्या, कापसाची वाळली झाडं, उभ्या राहत. वेचणाऱ्या बायांनी त्या उपटून घरी न्यायच्या, अशी जुनी रीत. गेल्या हंगामात ती रीत मोडली. मोडायला इंदूच कारण झाली.

नानाजी गावातला मोठा कास्तकार. त्याच्या खळ्यात वेचलेला कापूस तोलायचा तो त्याचा गडी, आणि तोलताना त्याचं बोट काट्याच्या दांडीवर असायचं, हे सगळ्या बाया जाणत होत्या. बोलत कोणी नव्हतं. एका संध्याकाळी इंदूनं गाठोडं काट्यावरून खाली ओढलं.

"बोट काढा जी दांडीवरून. मग तोला."

नानाजी बाजेवर बसून पान लावत होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"काय म्हणून राहिली ती?"

"म्हणून राहिली का आमच्या डोळ्यासमोर तोला. नाही त उद्यापासून वेचाईले कोणी येत नाही."

दुसऱ्या दिवशी खरंच कोणी गेलं नाही. नानाजीनं दुसऱ्या गावच्या बाया आणल्या. कापूस संपल्यावर वस्तीतल्या बाया विळे घेऊन पऱ्हाट्यांसाठी गेल्या, तर बांधावर ढीग रचून ठेवलेला आणि नानाजीचा गडी त्याला काडी लावत होता. बाया उभ्या राहिल्या. सबंध रानाची पऱ्हाटी त्यांच्या डोळ्यासमोर जळाली.

"पाहा आता डोळ्यासमोर," गडी म्हणाला.

त्या हिवाळ्यात वस्तीनं बोरीच्या काट्या जाळल्या, उकिरड्यावरचा पाला जाळला. मग देवाजीला नाल्यापलीकडच्या भट्टीवर काम लागलं. जुन्या मोटारींच्या बॅटऱ्या ट्रकांतून यायच्या. त्या फोडायच्या, आतलं शिसं काढून वितळवायचं, विटा पाडायच्या. बॅटरीच्या पोटात शिशाच्या पाट्यांच्या मधे लाकडी पट्ट्या असत. त्या बाजूला पडत. मुकादम मधुकरराव एक दिवस म्हणाला, "घेऊन जा रे बाप्पा ह्या. इथं नुसती अडगळ होऊन राहिली."

देवाजीनं पहिलं पोतं आणलं त्या दिवशी वस्तीतल्या बाया त्याच्या अंगणात जमल्या होत्या. त्यानं सगळ्यांना वाटून दिल्या. पुढे शेजारचा नत्थू, आणखी दोघं-चौघं भट्टीवर लागले, तेही पोती आणू लागले. घराघरात चुली पेटल्या. बाया मधुकररावाला दुवा द्यायच्या.

आता उन्हाळ्याचे दिवस होते. नत्थूचं रांगतं पोर पंधरवड्यापूर्वी झटके येऊन गेलं होतं. त्याची बायको गोपिका अजून दारातच बसून असायची, पदर तोंडाशी धरून. बायजाबाई म्हणायची, दाताचं दुखणं. कोणी म्हणे, हवा लागली. नत्थू सकाळी भट्टीवर जायचा, संध्याकाळी पोतं घेऊन यायचा.

शामलेला पहिला झटका आला तो भांड्यांच्या दगडाजवळ. इंदू राखेनं भाजी शिजवायचा गंज घासत होती, शामला शेजारी बसून राखेत बोट बुडवून दात घासत होती. एकाएकी तिची मान मागं गेली, डोळे पांढरे झाले, टाचा मातीवर आपटू लागल्या. इंदूनं हातातला गंज फेकला आणि तिला कवळ्यात घेतलं. पोर लाकडासारखी ताठ झाली होती. गोपिका दारातून उठली, एक पाऊल आली आणि तिथंच खाली बसली. "तसंच," ती म्हणाली. "वं इंदू, माह्या लेकराले तसंच झालं होतं."

सावनेरहून मिळाली त्या बसनं ते नागपूरला गेले. देवाजीची बहीण प्रेमिला सक्करदऱ्याला राहायची आणि मोठ्या दवाखान्यात आया होती. तिनं पोरीकडे एकदा पाहिलं आणि ओळीत उभं न करता सरळ आत नेलं.

डॉक्टरनं शामलेचा ओठ वर उचलला. हिरड्यांच्या कडेनं निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. त्यानं देवाजीलाही तोंड उघडायला लावलं. मग त्याला हात समोर धरायला सांगितले. उजवं मनगट खाली लोंबलं.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"झाले काही दिवस, साहेब. काम करून करून थकतो हात."

चिठ्ठी लिहून डॉक्टरनं प्रेमिलाला प्रयोगशाळेत पाठवलं.

तिथं पुष्पलताबाई नावाच्या तरुण बाई होत्या, पांढरा कोट, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी शामलेची, देवाजीची आणि इंदूची लघवी वेगळ्या नळ्यांत घेतली, त्यांत दुसऱ्या बाटल्यांतलं काही ओतून हलवलं आणि इंदूला म्हणाल्या, "तुम्ही आई का? या आत. बघून घ्या, म्हणजे मी सांगते ते पटेल."

आतली खोली काळ्या पडद्यांनी बंद केलेली. बाहेर कडक दुपार, आत काही दिसेना. पुष्पलताबाईंनी एक दिवा लावला. दिवा कसला, जांभळट अंधारच. त्यांनी शामलेची नळी त्याच्यासमोर धरली.

नळी लाल पेटली. विस्तवासारखी नाही; आतून, थंड, गुलाबी लाल. इंदू मागं सरकली.

"बाप्पा! लघवीत दिवा कसा लागला?"

"दिवा नाही. अंगात शिसं शिरलं की रक्त नीट बनत नाही. जे बिघडतं ते लघवीत उतरतं आणि या उजेडात असं चमकतं. तुमच्या मालकांचीही पाहिली. तीही अशीच आहे."

"अन् माही?"

पुष्पलताबाईंनी दुसरी नळी उचलली. ती लाल झाली, पण फिकी.

इंदू त्या नळ्यांकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "ते भट्टीवर जातेत. पोट्टी त कधी गेली नाही. मी गेली नाही. आमच्यात कुठून आलं मग?"

"तेच शोधायला पाहिजे. पाणी कुठलं पिता?"

"आमच्या विहिरीचं."

"भट्टी विहिरीपासून किती लांब?"

"नाल्यापल्याड."

पुष्पलताबाईंनी मान हलवली. रविवारी सुटीच्या दिवशी पाणी तपासायला येते म्हणाल्या. शामलेला खाटेवर ठेवून घेतलं, दंडात सुई लावली. बायजाबाई तिच्या उशाशी थांबली. प्रेमिला होतीच.

रविवारी सकाळी सगळी वस्ती विहिरीवर होती. पुष्पलताबाई सावनेरहून टांग्यानं आल्या, मांडीवर लाकडी पेटी सांभाळत. भट्टीवरून मधुकररावही आला. सायकल लावून तो कडुनिंबाखाली उभा राहिला, हाताची घडी घालून.

नत्थूनं पोहरा ओढला. पुष्पलताबाईंनी पाणी काचेच्या भांड्यात घेतलं. एका बाटलीतले थेंब टाकले, दुसरा कुठला धातू मधे येऊ नये म्हणून, असं म्हणाल्या. मग त्यांनी एक गर्द हिरवं औषध काढलं. पोपटाच्या पंखासारखं हिरवं.

"पाण्यात शिसं असलं, तर हे लाल होईल," त्या म्हणाल्या. "नसलं, तर हिरवं राहील."

माणसं पुढे सरकली. सगळ्यांना लाल हवं होतं. लाल झालं तर अर्ज करता आला असता, सरकारी नळ मागता आला असता, भट्टी हटवा म्हणता आलं असतं. ज्या विहिरीसाठी हातांची सालटी निघाली, तिच्यात विष निघावं म्हणून वस्ती श्वास धरून उभी होती.

पुष्पलताबाईंनी भांड्याचं बूच लावलं, जोरात हलवलं आणि उजेडात धरलं. हिरवं औषध हळूहळू तळाशी बसलं.

हिरवंच होतं.

त्यांनी पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा हिरवं. नाल्याच्या बाजूचं झिरपतं पाणी घेतलं, तेही हिरवं.

"पाणी चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मधुकरराव हसला. "मी म्हणून राहिलो होतो. भट्टीचं नाव उगीच घेऊन राहिले. लेकरं उकिरड्यावर खेळतेत, काहीबाही तोंडात घालतेत, अन् दोष आमच्यावर."

नत्थू त्याच्या अंगावर धावला असता. देवाजीनं त्याला धरलं. धरताना त्याचा हात पुन्हा सुटला, आणि नत्थू आपणहून थांबला.

माणसं पांगू लागली. इंदूनं बाईंना म्हटलं, "बाई, इतक्या लांब आल्या. घोटभर चहा घेऊन जा." त्या आल्या. इंदूनं अंगणात पेला घेतला, चुलीतली चिमूटभर राख नारळाच्या शेंडीवर घेतली आणि घासू लागली. पाहुण्यांसाठी म्हणून दोनदा घासला.

पुष्पलताबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांची नजर इंदूच्या हातावर होती.

"राखेनं घासता?"

"होय जी. साबण कुठून आणायचा?"

"ही राख कशाची?"

"चुलीची. पट्ट्यांची." इंदूनं भिंतीशी टेकलेल्या पोत्याकडे बोट केलं. "भट्टीवरून आणतेत. बॅटरीतल्या."

पुष्पलताबाई उठल्या. त्यांनी चुलीत वाकून पाहिलं, एक पट्टी उचलून नाकाशी नेली. तोंडावरचा रंग गेला. त्या म्हणाल्या, "पेला ठेवा खाली. तो घासू नका."

परत सगळे जमले. मधुकरराव सायकलवर बसलेला, पाय टेकून थांबला. पुष्पलताबाईंनी राखेची चिमूट आम्लात कालवली, गाळली, थेंब थेंब औषधं घातली. मग हिरवं ओतलं आणि हलवलं.

तळाशी बसता बसताच ते लाल झालं. पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखं, गडद. कोणाला जवळ यावं लागलं नाही. मागे उभ्या असलेल्यांनाही दिसलं.

देवाजी पुढे आला. "बाई, पट्टीचं पाहा. नुसत्या पट्टीचं."

त्यांनी पट्टीचं पाहिलं. तेही लाल. देवाजीनं स्वतःच्या सदऱ्याची बाही पुढे केली. त्यांनी कात्रीनं कडेचा तुकडा कापला. लाल.

"ह्याच सदऱ्यात तोंड घालून झोपते ती," देवाजी म्हणाला. कोणाला म्हणाला कळलं नाही. मग तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हात स्वतःपासून दूर धरून राहिला, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. "पहिलं पोतं मीच आणलं. मीच वाटलं घरोघर. नत्थू, तुह्या घरी मीच दिल्या ना गा?"

गोपिका ओरडली. तिनं आपल्या घरातली राखेची खापरी आणली आणि दगडावर आपटली. राख उडाली. पुष्पलताबाई "उडवू नका, उडवू नका" म्हणत राहिल्या, कोणाला ऐकू गेलं नाही.

"लाकूड आम्ही फुकट दिलं," मधुकरराव म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता. "जाळा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आजपासून बंद. अन् ज्याले ह्याचा बोभाटा करायचा असन, त्यानं कामावर येऊ नये."

तो गेला. पुष्पलताबाईंनी सांगितलं ते इंदूनं नीट ऐकून घेतलं: राख खड्ड्यात पुरा, वर माती घाला, चुली नव्या करा, भांडी नुसत्या पाण्यानं, मातीनं घासा, भट्टीवरून आलेल्या माणसानं हात-तोंड धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय लेकराला शिवू नये. अर्ज त्या स्वतः लिहून देणार होत्या, वरच्या साहेबांकडे. त्याला वेळ लागेल, असंही त्यांनीच सांगितलं.

वस्तीत त्या दिवशी एकही चूल पेटली नाही. लेकरांना आदल्या दिवशीचे तुकडे पाण्यात भिजवून दिले. दुसऱ्या दिवशी तुकडेही नव्हते.

इंदू वरच्या गावात गेली. नानाजीच्या वाड्यामागं दुसऱ्या रानातल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, वळचणीला रचून ठेवलेला. ती अंगणाबाहेर उभी राहिली. आतून नानाजीची बायको रुखमाबाई आली, तिला पाहून परत आत गेली. मग नानाजी आला.

"काय वं? आता काय तोलायचं राहिलं?"

"सरपण पायजे जी. लेकरं उपाशी हायेत."

"भट्टीचं लाकूड संपलं काय?"

"त्यात विष निघालं."

नानाजीला ते कळलं होतं. सगळ्या गावाला कळलं होतं. तो बाजेवर टेकला. "माह्या खळ्यात चार लोकांसमोर मले चोर म्हटलं तू. तोंडानं नाही म्हटलं, पण म्हटलं."

इंदू जागची हलली नाही.

"पारावर ये. लोक बसले हायेत. तिथं सांग का तुही चूक झाली. अन् येत्या साली वेचाईले या, जसं तोलन तसं. मग पऱ्हाटी घेऊन जा. सगळी घेऊन जा."

पारावर माणसं बसली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. इंदूनं पदर डोक्यावरून घेतला नाही, तसाच खांद्यावर ठेवला. ती म्हणाली, "माही चूक झाली." मग तितक्याच आवाजात, "बोट दांडीवर होतं. पण चूक माही झाली."

कोणी तरी हसलं आणि गप्प झालं. नानाजीनं जमिनीकडे पाहिलं. "घेऊन जा," तो म्हणाला.

बायांनी दुपारभर मोळ्या वाहिल्या. इंदूच्या मानेला काट्यांनी ओरखडे पडले, घाम त्यांत झोंबत होता. ती कोणाशी बोलली नाही. गोपिका तिच्या मागून चालत होती, डोक्यावर मोळी घेऊन, पोर गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर.

शामला घरी आली तेव्हा आंब्यांचे दिवस संपत आले होते. पोटाच्या कळा थांबल्या होत्या. झटके थांबले होते. पण ती पाहायची ते पलीकडे कुठं तरी, आणि नाव घेऊन हाक मारली की वळायला फार वेळ लावायची. आधी येत होते ते शब्दही तिला सापडत नव्हते. आजीला 'आजी' म्हणायची, ते जाऊन नुसतं 'आ' राहिलं होतं. पुढे सुधारेल का, असं इंदूनं विचारलं होतं. पुष्पलताबाईंनी नुसता तिचा हात धरला होता.

देवाजी भट्टीवरच जात होता. दुसरं काम मागायला तो सावनेरपर्यंत फिरून आला होता. लटक्या हाताच्या माणसाला कोण ठेवणार? भट्टीवर निदान पाट्या लोटायला पायही चालत. अर्जाचं काही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो आला आणि अंगणाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आता तो तिथंच उभा राहायचा. शामला बाजेवर बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच वेळानं तिचा एक हात उचलला गेला. देवाजी पुढे झाला नाही. उलट एक पाऊल मागं सरला.

"पाणी दे वं," तो म्हणाला.

इंदू लोटा घेऊन गेली. त्यानं लोटा हातात घेतला नाही. खाली वाकला, ओंजळ तोंडाशी धरली. इंदूनं वरून, अंतर राखून, पाणी सोडलं. तो ओंजळीतून प्यायला. पाणी कोपरांवरून मातीत ठिबकत राहिलं.

बायजाबाई दारात होती. ती ओरडली नाही. उठली, गुडघ्यांवर हात टेकत, आणि सरळ त्यांच्यापाशी आली. सुनेच्या हातातला लोटा तिनं घेतला.

"असं पाणी माह्या बापानं पेलं," ती म्हणाली. "पाटलाच्या दारात, असंच वाकून. म्याही पेलं. म्हणून त विहीर खोदली."

"माय, शिवू नको मले," देवाजी म्हणाला. "बाईनं सांगितलं ना."

"बाईनं हात धुवाले सांगितलं. लेकाले दूर उभा करून वरून पाणी सोडा म्हणून नाही सांगितलं. बस खाली."

तो बसला. प्रेमिलानं दिलेली साबणाची वडी बायजाबाईनं आणली. पोराचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. लहान लेकराला धुवावं तसं तिनं धुतलं. पाणी राखाडी होऊन वाहत होतं. तिनं ते पाणी रस्त्याच्या पलीकडे, खड्ड्याकडे वळवलं आणि पुन्हा बादली भरून आणली. पुन्हा धुतलं. देवाजी मान खाली घालून होता. त्याचे खांदे हलत होते.

"अन् तुह्या हाताले लागन ते?" तो म्हणाला.

"मी म्हातारी हाव. मले काय होते आता. मीही धुवीन मागून."

सदरा तिनं तिथंच उतरवून घेतला. धुतलेलं धोतर दिलं. मग तो आत गेला आणि बाजेजवळ बसला. शामलेनं पुष्कळ वेळ त्याच्या उघड्या छातीकडे पाहिलं. सदरा शोधत असावी. मग मान टेकवली.

बायजाबाई आत आली नाही. रस्त्यावरून भट्टीचे बाकीचे गडी येत होते. तिनं बादली वस्तीच्या तोंडाशी, वाटेच्या अगदी मधोमध नेऊन ठेवली आणि शेजारी दगडावर बसली. साबणाची वडी मांडीवर.

सगळ्यांत पुढे नत्थू होता. तो थांबला.

"काय करून राहिली, काकी?"

"हात दे."

"माह्या घरी आता लेकरू नाही, काकी," नत्थू म्हणाला. "मी कशाले धुवू?"

बायजाबाईनं त्याच्याकडे वर पाहिलं. मग हात लांब करून तिनंच त्याचा हात ओढून घेतला, बादलीत बुडवला आणि साबण लावू लागली. मागचे गडी पोती नसलेले रिकामे खांदे घेऊन वाटेत उभे राहिले, एकामागं एक, आपली पाळी येईपर्यंत.